दुसरा कोबा

नागलीचा, म्हणजे नाचणीचा, पापड वाळला की मातकट तांबूस दिसतो. त्यामुळे त्याच्यावर पांढरं काही पडलं की लपत नाही. उडदाच्या पापडावर पडलं असतं तर कदाचित मलाही कळलं नसतं, आणि मग त्या माणसाशी माझं भांडण झालंच नसतं.

गंगापूर रोडवरच्या ज्या दुकानात माझे पापड वर्षानुवर्षं जातात, त्या दुकानदाराने एक दिवस अख्खं पोतं रिक्षात घालून परत पाठवलं. वर फोन केला. म्हणाला, "ताई, चव तीच आहे, पण दाताखाली कचकच येतेय. गिऱ्हाईक मला शिव्या घालतंय." मी म्हटलं, शक्य नाही. माझ्याकडे नागली तीनदा चाळली जाते. तो म्हणाला, "तळून बघा आणि सांगा."

मी तळला नाही. कच्चाच पापड हातात घेऊन उन्हात तिरपा धरला. त्याच्यावर पिठूळ पांढरी झाक होती. बोट फिरवलं, बोटाला लागली. जिभेवर ठेवली, तर ते पीठ नव्हतं. सिमेंटची चव माझ्यासारख्या बाईच्या जिभेला ओळखू यायचं कारण नाही, पण घर बांधून घेतलेल्या बाईला येते.

मी चपला काढून गच्चीवर गेले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पाय घासत चालले. तळपाय पांढरे झाले.

ही गच्ची म्हणजे माझा कारखाना आहे, हे आधी सांगायला हवं. लग्न होऊन सटाण्याकडून नाशकात आले तेव्हा पंचवटीतल्या एका गल्लीत दुसऱ्या बाईकडे किलोवर पापड लाटायला जात होते. तिच्या गच्चीवर ऊन अर्धाच दिवस यायचं, कारण शेजारी उंच घर होतं. दुपारनंतर आम्ही पापड उचलून सावलीच्या पुढे पुढे पळवायचो. तेव्हाच मनाशी धरलं होतं, की घर होईल तेव्हा होईल, पण त्याला सगळ्या दिवसाचं ऊन असलं पाहिजे. पुढे गंगापूर रोडच्या बाहेरच्या अंगाला जागा घेतली, ती नळ आहे का, रस्ता आहे का, हे न बघता आधी सावली कुठून पडते ते बघून घेतली. विकणारा हसला होता. नंतर भावात मी त्याला असा रडवला की त्याचं हसू कुठे गेलं ते त्यालाही कळलं नाही.

आता माझ्याकडे बायका कामाला येतात. हिवाळ्यात नागली आणि उडीद, होळीनंतर कुरडया, सांडगे, तांदळाच्या पापड्या. पावसाळा आला की कारखाना बंद. म्हणजे वर्षाची कमाई त्या सहा-सात महिन्यांच्या उन्हात, आणि ते ऊन त्या गच्चीवर.

जुनी गच्ची दोन ठिकाणी पाझरायला लागली, म्हणून दिवाळीनंतर कोबा करून घ्यायचं ठरवलं. विटांचे तुकडे बसवायचे, त्यावर सिमेंटचा थर द्यायचा आणि वरून घोटून गुळगुळीत करायचं. तीन कंत्राटदार येऊन बघून गेले. तिसरा जिना चढतानाच म्हणाला, "ताई, तुम्हनं माहेर कोनतं?" मी सांगितलं. तो सटाण्याचाच निघाला. मग तो चहा पिताना मराठी सोडून अहिराणीवर आला, आणि मीही आले. माझी आई येऊन राहायची, तिच्यानंतर या घरात कोणी अहिराणी बोललं नव्हतं. मी भावात त्याला खूप ताणला, तो हसत हसत खाली आला, आणि निघताना म्हणाला, "कसाले काळजी करतस ताई, मी शे ना."

आमच्या सटाणा-बागलाणातल्या माणसाला हेच एक फसवतं. परक्या गावात आपली बोली बोलणारा भेटला की आपण अर्धी तपासणी सोडून देतो. भाव मी सोडला नाही, पण बाकीच्या दोघांची जुनी कामं जाऊन बघितली होती, तशी याची बघितली नाही.

काम सुरू झालं. त्याची माणसं सुरगाण्याकडची होती, नवरा-बायकोच्या जोड्या, मेहनती. त्यांच्या गावाकडे भात झोडायचं राहिलं होतं आणि ती सगळी परतायच्या घाईत होती. शेवटच्या दिवशी वरचा थर ओला होता आणि संध्याकाळ उतरत होती. मी जिन्यावरून बघत होते. थर सुकायची वाट न बघता त्यांनी वरून सुकं सिमेंट भुरभुरलं आणि त्यावर थापी मारून घोटायला घेतलं. पाणी शोषलं गेलं, वर छान चकाकी आली.

मी म्हटलं, "भाऊ, ओल्यावर सुकं लावलं की ते धरत नाही. पापडाचंही तसंच असतं. लाटताना जास्त पिठी लावली तर वाळल्यावर सगळी सुटते."

तो कठड्यावर बसला होता. माझ्या बायका खाली अंगणात पापड मोजत होत्या, त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "ताई, पापड तुम्ही लाटा. कोबा आम्हाला लाटू द्या."

त्याची माणसं हसली. माझ्या दोन बायकाही हसल्या. मी त्या दोघींची नावं आजही घेणार नाही, पण कोण हसलं ते मला पाठ आहे.

दुसऱ्या दिवशी माणसं गावी गेली. नव्या कोब्यावर चारी बाजूंनी मातीची आळी करून आठवडाभर पाणी कोंडून ठेवायचं असतं, म्हणजे तो कसदार होतो. आळी कोणी केलीच नाही. त्याला फोन केला तर म्हणाला, रोज पोरगा येऊन पाणी मारून जाईल. कोणी आलं नाही. मी स्वतः बादल्या ओतल्या, पण उतार असलेल्या गच्चीवर बादलीचं पाणी किती वेळ थांबणार.

मग ते पापडाचं पोतं परत आलं.

मी बोलावलं तेव्हा तो आला, हे खरं. पायाने घासून बघितलं, हाताने घासून बघितलं. म्हणाला, "नवा कोबाले थोडी पावडर सुटसच, ताई. दोन पाऊस खाऊ दे, व्हई जाई."

"दोन पावसाळे मी काय करू?"

"खाली प्लास्टिक टाका."

"प्लास्टिक टाकतेच मी. बायका त्याच्या कडेने चालतात, वारा सुटतो, पावडर उडून पापडावर बसते. तुमच्या घरी पापड उचलून आणते, तुम्ही खाऊन बघा."

तो म्हणाला, वरून एक केमिकल मारून देतो, पावडर बसून जाईल. मी विचारलं, त्या केमिकलवर खायची वस्तू वाळवायची? तुमच्या घरी वाळवाल? त्यावर त्याने अहिराणी सोडली. हा माणूस रागावला की शुद्ध नाशिकची मराठी बोलतो, हे मला त्या दिवशी समजलं. "हे बघा बाई," तो म्हणाला, "काम तुमच्या समोर झालंय. तेव्हा काही बोलला नाहीत."

तेव्हा मी काय केलं ते आमच्या घरात अजून सांगितलं जातं. मी त्याच्या हातातला चहाचा कप काढून घेतला. अर्धा भरलेला होता. तो मोरीत ओतला आणि म्हटलं, "तेव्हाही बोलले होते, तुम्ही हसण्यावारी नेलंत. आता परत बोलते. तुम्ही गच्ची करून द्याल, किंवा मी तुम्हाला ग्राहक आयोगात उभं करीन."

"करा," तो म्हणाला, आणि गेला.

आमचे हे स्वभावाने गार आहेत. अंबडच्या कंपनीत आयुष्य काढलं, तिथे दोन संप बघितले आणि दोन्ही वेळा कामावर गेले. ते म्हणाले, "केमिकल मारू दे ना. कुठे कोर्टाच्या पायऱ्या चढतेस." मी म्हटलं, "पापड मी लाटते, तुम्ही पेपर वाचा." हे वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि ते कुठून आलं ते मला लगेच कळलं, म्हणून त्या दिवशी त्यांच्या आवडीची शेवभाजी केली.

तक्रार मी स्वतः लिहिली. वकील केला नाही. आयोगाच्या कार्यालयात एक तरुण बाई होत्या, त्यांनी कोणता कागद कुठे लावायचा ते सांगितलं. कामाचा भाव आणि पैसे दिल्याचे मेसेज फोनवर होतेच, आणि पुरावा म्हणून मी पापडही एका पारदर्शक डब्यात घालून नेले होते. त्या म्हणाल्या, पापड नको, फोटो पुरे. मला ते पटलं नाही, पण फोटो लावले.

पहिल्या तारखेला त्याच्यातर्फे वकील आला आणि मुदत मागून गेला. पुढची तारीख पडली ती मे संपल्यानंतरची.

मी बाहेर बाकावर बसले आणि प्रथमच भीती वाटली. न्याय मिळेल याची मला खात्री होती. पण तो पावसाच्या तोंडावर मिळेल. तोपर्यंत कुरडयांचा सीझन गेलेला असेल, दुकानदारांनी दुसरीकडून माल उचललेला असेल, आणि माझ्याकडच्या बायकांनी दुसऱ्या कोणाची तरी गच्ची धरलेली असेल. एकदा गेलेली बाई परत येते, पण गेलेलं दुकान येत नाही. मला निकाल नको होता, मला होळीच्या आत गच्ची हवी होती. दुसऱ्याकडून करून घ्यायला पैसे उरले नव्हते, म्हणजे ती देऊ शकेल असा जगात एकच माणूस होता, ज्याचा चहा मी मोरीत ओतला होता.

स्वतःहून फोन मी करणार नव्हते. सौद्यात जो आधी वाकतो त्याला पुढे वाकतच जावं लागतं, हे मी पंचवटीच्या भाजीबाजारात शिकले आहे. तिथे शेतकऱ्याची बाई मेथीच्या जुड्या उन्हात कोमेजू देते, पण आधी हाक मारत नाही.

संक्रांत झाली. तीळगूळ वाटून झाला होता आणि मी अंगणात उडदाचं पीठ कुटून घेत होते. फाटकाशी एक पांढरी गाडी थांबली आणि त्यातून एक बाई उतरल्या. पन्नाशीच्या, ठसठशीत, हातभर हिरव्या बांगड्या. म्हणाल्या, "कुरडयावाल्या ताई तुम्हीच ना? माझ्या जावेने पत्ता दिला. लेकीचं लग्न आहे वैशाखात. रुखवतासाठी कुरडया, पापड, सांडगे, सगळं हवंय. घरी करायला आता कोणाला होतं."

मी म्हटलं, या, बसा. रुखवताचं गिऱ्हाईक मला आवडतं. ते भावात फार घासाघीस करत नाही, पण मालाला नाव ठेवलं तर आयुष्यभर ठेवतं. मुलीकडची मंडळी रुखवत मांडतात, आणि मुलाकडच्या बायका त्याच्याभोवती फिरून एकेक वस्तू हातात घेऊन बघतात. आमच्याकडे तर वरमाय एक कुरडई मोडून तोंडात टाकते. नुसती बघते. मुलीच्या आईचा जीव त्या क्षणी त्या कुरडईत असतो.

"केवढी मोठी हवी कुरडई?" मी विचारलं.

"ताटाएवढी. मधे एक रंगीत. आमच्या सटाण्याकडे मोठीच लागते."

मी मुसळ बाजूला ठेवलं. "सटाण्याच्या कोण तुम्ही?"

त्यांनी त्या कंत्राटदाराचंच आडनाव सांगितलं. मी फाटकाकडे बघितलं. गाडीची काच अर्धी खाली होती. आत स्टिअरिंगमागे तो बसला होता, मान खाली घालून फोन बघत. फोनचा उजेड नव्हता. बंद फोन बघत होता.

त्याला पत्ता माहीत नव्हता असं मी मानत नाही. पण बायकोने वाटेत फक्त कॉलनीचं नाव सांगितलं असेल, आणि वळण घेतल्यावर त्याला कळलं असेल, तेव्हा गाडी वळवायला तोंड नव्हतं. बायकोला त्याने तक्रारीचं सांगितलंच नव्हतं, हे मात्र नक्की. नाहीतर ती बाई माझ्या अंगणात अशी मोकळी हसत बसली नसती.

मला त्या वेळी दोन गोष्टी करता आल्या असत्या. फाटकाकडे बोट करून सगळं सांगायचं आणि त्यांना हाकलून द्यायचं, किंवा ऑर्डर घेऊन गप्प बसायचं. पहिली गोष्ट करायला माझी जीभ वळवळत होती.

मी उठले आणि म्हटलं, "वहिनी, गाडीत भाऊ बसलेत ना, त्यांना आत बोलवा. उन्हात कसाले बसाडतस त्यासले."

त्या चकित झाल्या. "तुम्ही ओळखता?"

"आमच्या गच्चीचं काम त्यांनीच केलंय."

"अगं बाई, मग सांगितलं का नाही यांनी," म्हणत त्या फाटकाकडे गेल्या.

तो आला. खुर्चीच्या कडेवर बसला. मी चहा ठेवला आणि या वेळी कप त्याच्या हातात स्वतः दिला. तो कप त्याने घट्ट धरला होता, त्या दिवसाची आठवण त्यालाही होती.

मी वहिनींशीच बोलत राहिले. "ऑर्डर घेते मी. भावाची लेक म्हणजे आमचीच. गहू चांगला निवडून तीन दिवस भिजत घालीन, चीक काढीन, कुरडई अशी पडेल की वरमाय बघत राहील. फक्त एक सांगते, लपवत नाही. हे सगळं वाळणार वरच्या गच्चीवर. भाऊंनीच केलेल्या कोब्यावर."

"मग तर काळजीच नाही," वहिनी म्हणाल्या.

मी त्याच्याकडे बघितलं. "काय भाऊ, नाही ना काळजी?"

त्याने चहाचा घोट घेतला. कप खाली ठेवला. मग बायकोला म्हणाला, "तू जरा त्यांचे पापड बघ तोपर्यंत. मी वर जाऊन येतो."

आम्ही दोघं गच्चीवर गेलो. तो उकिडवा बसला, तळहात कोब्यावर घासला आणि उन्हात धरला. माझ्यासाठी गप्प राहणं हे दिवसभराच्या कामापेक्षा अवघड असतं, पण भाजीबाजार आठवला.

"वरचा थर काढून द्यावा लागेल," तो म्हणाला. मराठीत म्हणाला, म्हणजे अजून राग होता.

"वरचा नाही, सगळा कोबा. विटांपर्यंत फोडा."

"सगळा कशाला? विटा पक्क्या आहेत. पाझर थांबलाय की नाही?"

पाझर थांबला होता. सगळा फोडायची गरज नाही हे मलाही ठाऊक होतं. पण आपल्याला शेर हवा असेल तर पायली मागावी लागते. मी म्हटलं, "पाझर थांबला, माझा धंदाही थांबला. सगळा फोडा."

"ताई, सगळा फोडायचा तर मी लग्न कशाने करू?"

"तेच मी विचारते, मी सीझन कशाने करू?"

तो कठड्याला टेकून उभा राहिला. त्याच कठड्यावर बसून तो बोलला होता. मग अहिराणीत, हळू आवाजात म्हणाला, "लगीनमा कोर्टकेसनं नाव नको, ताई. व्याही मंडळी वाईट शे. त्यासना कानवर गयं तं पोरले आयुष्यभर ऐकाडतीन."

इथे माझा राग थोडा हलला. पुरता गेला नाही. मला तीन बहिणी आहेत आणि सासरी काय काय ऐकवतात ते मला माहीत आहे. पण सौदा सौद्याच्या जागी असतो. मी म्हटलं, "बरं. विटा राहू देते. वरचा थर सगळा खरवडून नवा करायचा. सिमेंट-वाळू तुमची, मजुरी तुमची. कठड्याच्या कडेला गोलाई देऊन द्या, तिथे पाणी मुरतं. आणि गच्चीवर एक नळ बसवून द्या."

"नळ कुठून आला मध्येच?"

"कोब्याला पाणी कोण मारणार? तुमचा पोरगा?"

तो हसला. त्या दिवशी आल्यापासून पहिल्यांदा हसला. "आणि पाणी?"

"पाणी मी मारीन. आळी तुमची माणसं करून देतील, पाणी आटू मी देणार नाही."

"आणि तक्रार?"

"काम झाल्यावर मी बघीन. पसंत पडलं तर तुमच्या वकिलाला तारीख अलीकडे घ्यायला सांगा, लग्नाच्या आधी जाऊन मिटवून टाकू. पसंत नाही पडलं तर कुरडयाही होणार नाहीत."

"पसंत पडलं हे ठरवणार कोण?"

"मी," मी म्हटलं. यावर घासाघीस नव्हती.

खाली आलो तेव्हा वहिनींनी घरात पेपर वाचत बसलेल्या आमच्या ह्यांच्याकडून सगळी हकीकत काढून घेतली होती. ते नाही म्हणू शकत नाहीत. वहिनींनी गाडीत बसताना दार असं आपटलं की मला समाधान वाटलं.

माघ संपता संपता काम सुरू झालं. या वेळी तो रोज सकाळी स्वतः यायचा. वरचा थर छिन्नीने खरवडला, धुतला, सिमेंटचं पाणी फासून नवा थर टाकला. घोटायच्या दिवशी मी जिन्यावर होते, आणि या वेळी माझ्या सगळ्या बायकांना गच्चीच्या दाराशी उभं केलं होतं. एका माणसाने सवयीने सुक्या सिमेंटचं घमेलं उचललं. हा लांबून ओरडला, "ए, सुकं नको. वरून सुकं लावलं की नंतर सुटतं."

मी म्हटलं, "कोणी सांगितलं भाऊ तुम्हाला?"

"अनुभव शे, ताई."

"कोणाचा?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दाराशी उभ्या असलेल्यांपैकी त्या दोघी यावर सगळ्यात मोठ्याने हसल्या. कोणाच्या बाजूने हसायचं ते काही लोकांना वाऱ्यावरून कळतं.

आळी घातली. पाणी कोंडलं. सकाळी उठून आधी गच्चीवर जायचं आणि पाणी किती उतरलं ते बघायचं, हा माझा नेम झाला. कबुतरं येऊन पाणी प्यायची. आमचे हे त्यांना हाकलायचे नाहीत, म्हणायचे, पिऊ दे, कंत्राटदाराचाच नळ आहे. शेवटी आळी फोडली, गच्ची धुतली, कडक उन्हात दोन दिवस वाळू दिली, आणि त्याला बोलावलं. वहिनींनाही बोलावलं.

मी कपाटातून संक्रांतीची काळी साडी काढली. सुती, काठ लाल, तीनदाच नेसलेली. ती घडी उलगडून कोब्यावर आडवी पसरली, एक टोक माझ्या हातात घेतलं, दुसरं वहिनींच्या हातात दिलं, आणि म्हटलं, "चला, ओढू या."

"साडी कसाले खराब करतस," तो म्हणाला.

"खराब होणार असेल तर आत्ताच सांगा."

आम्ही दोघींनी ती साडी गच्चीभर फरफटवली, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत आणि परत, कोपरेसुद्धा सोडले नाहीत. मग उचलून उलटी करून उन्हात धरली. बायका गोळा झाल्या. तोही जवळ आला आणि वाकून साडीच्या मधल्या भागावर बोट फिरवत गेला, मी पापडावर फिरवलं होतं तसंच. एका जागी थोडी माती होती, ती कबुतराची. पांढरं कुठेही नव्हतं.

मी साडी झटकली आणि घडी घातली. पुढच्या संक्रांतीलाही तीच नेसणार आहे.

होळीनंतरच्या पहिल्या कडक उन्हात त्याच्या लेकीच्या कुरडया पडल्या. सकाळी चीक शिजवताना घरभर आंबूस वास होता. बायका सोऱ्या फिरवत होत्या, पांढऱ्याशुभ्र ताटाएवढ्या कुरडया ओळीने पडत होत्या, मधे एक केशरी. वहिनी आणि नवरीमुलगी दोघी आल्या होत्या. नवरीने पहिली ओली कुरडई उचलून खाल्ली, लहानपणी आम्ही खायचो तशी, आणि म्हणाली, "आत्या, मीठ बरोबर आहे." मला आत्या म्हणायला तिला कोणी शिकवलं ते मी विचारलं नाही. तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बूट काढून बसला होता. मी एक वाळत आलेली कुरडई मोडून त्याला दिली. त्याने चावली, तोंड हलवलं, थांबला, परत चावली. कचकच शोधत होता. सापडली नाही.

चैत्रात तारीख अलीकडे घेतली गेली. आम्ही दोघं आयोगाच्या कार्यालयात शेजारी शेजारी बसलो होतो आणि त्याच्या वकिलाने तडजोडीची पुरसीस, म्हणजे भांडण आपसात मिटल्याचा अर्ज, लिहून आणला होता. मी तो दोनदा वाचला. त्यात लिहिलं होतं की दोन्ही पक्षांमध्ये समजुतीने वाद मिटला आहे.

मी म्हटलं, "यात चूक कोणाची होती ते कुठे आहे?"

वकील म्हणाला, "ताई, पुरसीसमध्ये ते लिहीत नाहीत."

"का नाही?"

"मिटलंय ना."

पहिल्या दिवशी कागद लावायला मदत केलेल्या त्या तरुण बाई टेबलामागून बघत होत्या. मी त्यांना विचारलं. त्याही म्हणाल्या, नाही लिहीत. मी बराच वेळ पेन हातात धरून बसले. सही केली, पण मनातून अजूनही मला तो अर्ज अपुरा वाटतो.

बाहेर पायऱ्यांवर त्याचा फोन वाजला. पलीकडे कोणी नवं गिऱ्हाईक होतं, गच्चीचं काम द्यायचं की नाही या विचारात. तो थोडा वेळ बोलला, मग माझ्याकडे बघून घुटमळला आणि फोन माझ्या हातात दिला. "ताई, जरा सांगा ना त्यासले. माझा कोबा कसा शे."

मी फोन कानाला लावला. पलीकडे एका बाईचाच आवाज होता, सावध, माझ्यासारखा.

मी म्हटलं, "कोबा एक नंबर आहे. वर पापड वाळत घालते मी. पण पहिला नाही, दुसरा. तुम्ही त्यांना थेट दुसराच करायला सांगा."

तो पायरीवर कपाळाला हात लावून उभा होता. पलीकडची बाई हसायला लागली आणि म्हणाली, "उद्या त्यांना पाठवा."

मी फोन त्याला परत दिला आणि रिक्षाला हात केला. घरी सांडगे वाळत होते.